परक्याचा चाकू

लोणावळ्यात पावसाळा चार महिने असतो असं लोक म्हणतात, पण बंगल्यांच्या लाकडातून तो दिवाळीपर्यंत हलत नाही. खिडक्या फुगून चौकटीत अशा रुततात की दोन गडी लावले तरी झडप जागची हलत नाही. सुताराला बोलवावं तर तो आधी पान लावणार, मग आधीच्या सुताराला नावं ठेवणार आणि शेवटी पटाशी घालून चौकटच सोलून ठेवणार. म्हणून त्या ओळीतल्या पाच-सहा बंगल्यांत एकच रीत पडून गेली होती. खिडकी अडली की झुंबरबाईला हाक मारायची.

झुंबरबाई ही गंगाधरपंत वकिलांच्या बंगल्याची राखणदारीण. पंत आणि काकू पुण्याहून दिवाळीत आणि उन्हाळ्यात येत, बाकीचं वर्ष बंगला तिच्या ताब्यात. बाई चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला तोडून. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात डोरलं. नवरा पलटणीत आहे, एवढंच ती सांगे. कुठल्या पलटणीत, कधी येणार, असं कुणी विचारलं की तिला नेमकं चुलीवर काहीतरी उतू चाललेलं आठवे.

खिडकी उघडायला आली की ती कमरेचा चाकू काढी. काळ्या शिंगाच्या मुठीचा, मिटवायचा, साधाच. पातं फटीत घालायचं, तळहातानं मुठीवर एक थाप द्यायची आणि कान लावून जरा पिळायचं. सुरुवात नेहमी खालून, कारण पाणी खाली उतरतं आणि लाकूड खालीच जास्त फुगतं. असं करत वरपर्यंत गेली की खिडकी कुरकुरत उघडायची. चौकटीवर ओरखडासुद्धा नाही.

त्या चाकूनं ती काय करत नसे! तुपाच्या डब्यांची झाकणं उचकटायची, गंजलेले खिळे उपसायची, फरशीच्या सांधीतलं शेवाळ खरवडायची, बैलाच्या खुरात अडकलेला खडा काढून द्यायची. बंद पडलेल्या कडीत ते पातं घालून ती असं काही पिळायची की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. पात्याची धार केव्हाच गेली होती, टोक मोडून थोटं झालं होतं. बाईला त्याचं काही नव्हतं. एखादी गोष्ट आपली असली की माणूस तिला जपतो. ही त्या चाकूला सवतीच्या पोरासारखी राबवायची.

फक्त एक काम त्या चाकूनं कधी केलं नाही. त्यानं कधी काही कापलं नाही.

एकदा काकू सरबत करत होत्या. लिंबू पुढं करून म्हणाल्या, "झुंबर, तुझ्या चाकूनं एवढं काप बघू."

"इळी आणते, काकू."

"अगं, हातात चाकू आहे की!"

"ह्यो अन्नाला लावायचा न्हाई. परक्याचा हाय."

"परक्याचा? कुणाचा गं?"

"असंल कुणाचा तरी. मेलाय त्यो."

काकूंनी पुढं केलेला हात मागं घेतला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि लिंबू विळीवर कापलं.

झुंबरबाई मूळची कान्ह्याची, म्हणजे सासर कान्ह्याचं. नवऱ्याचं नाव गेणू. ते नाव तिनं आयुष्यात उखाण्यापलीकडं कधी तोंडातून काढलं नाही. पहिल्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मावळातली जवान पोरं भरती होत होती, त्यात गेणूही गेला. पुण्याला कवायत शिकला आणि बोटीवर चढायच्या आधी आठ दिवसांच्या रजेवर घरी आला. येताना दोन वस्तू घेऊन आला. एक हा असा चाकू, पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानातून पलटणीतल्या सगळ्यांनी घेतला होता तसलाच. दुसरा चहाच्या पुडीचा पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा.

चाकूचं त्याला फार वेड. दिवसभर उघडायचा, मिटायचा, ऊस सोलून गावभर वाटायचा, अंगठ्याच्या नखावर धार बघायचा. झुंबर तेव्हा अठराची असेल. तो नवा कोट घातलेला, चाकूशी खेळणारा नवरा तिला फार आवडायचा, पण तसं सांगायची रीत कुठं होती? तिनं मनात धरलं की एक दिवस त्याला चहा करून द्यायचा. कान्ह्यात तोवर कुणाच्या चुलीवर चहा चढला नव्हता. त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं, पाणी किती, पूड किती, गूळ केव्हा टाकायचा. तेवढं तिनं ध्यानात ठेवलं.

सहाव्या दिवशी तो शेताकडं गेल्यावर तिनं आधण ठेवलं आणि डबा घेतला. झाकण काही निघेना. नखं मोडली, पदरात धरून पिळून पाहिलं, आधण आटत आलं. शेवटी खुंटीवरच्या कोटातून चाकू काढला, टोक झाकणाखाली घातलं आणि जोर लावला. झाकण निघालं. पण टक् असा आवाज झाला आणि पात्याचं टोक तुटून चुलीच्या राखेत उडालं.

गेणू परत आला तेव्हा चहा तयार होता आणि ती हातात चाकू घेऊन उभी होती. त्यानं चहाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चाकू कापायला असतो, उचकटायला न्हाई! एवढी बी अक्कल न्हाई व्हय तुला?"

एवढंच बोलला. पण मग दोन दिवस तोंडाला कुलूप. तिनं वाढलेलं जेवला, तिनं भरलेलं पाणी प्याला, तिच्याशी बोलला नाही. निघायच्या दिवशी सगळं घर त्याला शिवेपर्यंत पोचवायला गेलं. तिथून तळेगावच्या स्टेशनाची वाट. धाकट्या भावाला, नथूला, तो "येतो रं" म्हणाला. आईच्या पाया पडला. झुंबर चार पावलं मागं उभी होती. तिला तो "येतो" म्हणाला नाही.

तरुण माणसाचा राग, तो काय आणि किती टिकणार? आठवडाभर आणखी राहिला असता तर तोच तिची थट्टा करत बसला असता. पण गाडीला तेवढी फुरसत नव्हती.

वर्षानं चावडीवर कागद आला. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवला की गेणू बसऱ्याकडच्या दवाखान्यात तापानं वारला. मागून एक पुडकं आलं. त्यात एक कांबळं, एक तांब्या आणि चाकू. सासू छाती पिटत होती, बाया झुंबरच्या बांगड्यांना हात घालायला पुढं सरकत होत्या, आणि झुंबरनं तो चाकू उघडला.

टोक शाबूत होतं. सुईसारखं.

तिनं मूठ उलटून पाहिली. मुठीवर एका बाजूला जळल्याचा डाग होता, चिंचोक्याएवढा. गेणूच्या चाकूला डाग नव्हता. तिनं तो चाकू हातात धरला होता, पुसून खुंटीवरच्या कोटात ठेवला होता, तिला नाही ठाऊक तर कुणाला?

"ह्यो त्यांचा न्हाई," ती म्हणाली आणि बायांचे हात झटकून उभी राहिली. "पुडकं चुकलंय. मेलाय त्यो दुसराच कुणी. आमचं मालक जित्तं हाईत."

आता इथं सगळी गोम आहे. का, असं लोकांनी विचारलं. तिनं एवढंच सांगितलं की चाकू त्यांचा नाही. टोकाची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. कशी सांगणार? सांगायचं म्हणजे आपण त्याचा चाकू मोडला, तो आपल्यावर रुसून, न बोलता गेला, हे भर चावडीत कबूल करायचं. सासू तर आधीच म्हणत होती, पोरीचा पायगुण वाईट. ती गोष्ट तिनं पोटात घातली आणि वरून माती लोटली. सांगितली असती तर गावचा कुणीही लोहार हसून म्हणाला असता, अगं बाई, मोडलेलं टोक घासून पुन्हा काढता येतं. एका वाक्याचं काम होतं. पण ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणूस कुणाला दाखवत नाही, आणि मग ती आतल्या आत वाढत जाते.

नथू वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं, दादाचं शरीर हाती लागलं नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, दहावं-तेरावं करावं, त्याच्या नावानं पाणी सोडावं. झुंबर उंबऱ्यात आडवी झाली.

"जित्त्या माणसाचं दहावं घालता? माझ्या अंगावरनं जावा आधी!"

"वहिनी, दादाला पानी नगं का? तानलेला ऱ्हाईल त्यो."

"त्यांना पानी मी देईन. आल्यावर."

नथूनं हात टेकले. सासू त्याच झुरणीला लागून दोन वर्षांत गेली. गावच्या बाया हळदी-कुंकवाला बोलवीनात. हिला कुंकू लावावं की नाही, हेच कुणाला ठरवता येईना. वटपौर्णिमेला ती वडाला सूत गुंडाळायला गेली की बाकीच्या गप्प होऊन बाजूला सरत. एका वर्षी कुणीतरी तोंडावरच म्हणालं, "रांडमुंड बाईनं सूत गुंडाळू नये." झुंबरनं सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या, घरी आली, बोचकं बांधलं आणि लोणावळ्याची वाट धरली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथं ती सवाष्ण होती आणि पुरे.

चाकू तिनं बरोबर नेला. आधी तो परत करायची तिची इच्छा होती. कुठंतरी एक बाई असणार, जिचा नवरा मेला आणि तिला ठाऊकच नाही. त्या बाईची झुंबरला फार कीव यायची. तिनं मास्तरांकडून पलटणीला दोन पत्रं लिहून घेतली होती, उत्तर आलं नव्हतं. मग हळूहळू कीव आटली आणि राग उरला. ह्या चाकूनं येऊन आपल्या घरात मरण आणलं, खोटं मरण. मग याला कशाला जपायचं? मेलेल्या परक्याचं पातं अन्नाला लावायचं नाही हे तिला आईनं शिकवलं होतं. पण उचकटायला काय हरकत? पहिलाच तुपाचा डबा उघडताना तिला गेणूचे शब्द आठवले आणि तिनं पातं मुद्दाम आणखी जोरानं पिळलं. चौथ्या की पाचव्या पावसाळ्यात एका खिडकीत टोक तुटलं. "मोड मेल्या," ती म्हणाली आणि दुसरी खिडकी उघडायला गेली.

कागद आल्याला अशी तेवीस वर्षं झाली. दुसरी लढाई सुरू झाली. दर वटपौर्णिमेला ती बाजाराच्या वाटेवरच्या वडाला सूत गुंडाळत राहिली.

त्या दिवाळीत शेजारच्या बंगल्यावर नवा राखणदार आला. पिकल्या मिशा, अंगात खाकी कोट, चालताना एक पाय किंचित ओढणारा. नाव सोपान, गाव बेडसे. आयुष्यभर पलटणीत आणि नंतर कराचीच्या बंदरावर काढून म्हातारपणी गावाकडं परतलेला. त्याच्या मालकांची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती आणि दिवाणखान्याच्या चारही खिडक्या गच्च बसल्या होत्या. माळ्यानं सांगितल्यावरून तो सकाळीच झुंबरबाईला बोलवायला आला.

तिनं तिसरी खिडकी खालून धरली होती. सोपान दारात उभा राहून बघत होता. तिचा हात चौकटीच्या वर गेला तेव्हा उन्हात मूठ चमकली आणि तो एकदम पुढं झाला.

"बाई, ह्यो चाकू तुमाला कुटं घावला?"

"का? तुमचा हाय?"

"माजा न्हाई. पर ह्यो डाग माझ्या हातनं पडलाय. चुलवणावर भाकरी भाजताना माझ्याच हातनं इस्तवात पडला. लय शिव्या खाल्ल्या मी त्यापायी. आमच्या पलटणीतल्या एका गड्याचा चाकू हाय ह्यो. कान्ह्याचा होता. गेणू."

झुंबरबाईचा हात चौकटीवर तसाच राहिला. 

"त्यांच्या चाकूचं टोक मोडलं हुतं," ती म्हणाली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ते शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडले. "मी मोडलं हुतं. चाकू आला त्यो अख्ख्या टोकाचा हुता."

 सोपानच्या ध्यानात आलं, आपण कुणासमोर उभे आहोत.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "त्यानं घासून काढलं ते. बोटीवर चढल्यापासनं रोज. एक दगुड मिळवलता कुटनं तरी, त्यावर थुंकी टाकायची नि घासायचं. आमी हसायचो. म्हनायचा, बायकू च्या करत हुती माज्यासाठी आन मी त्वांड फिरवून आलो. आता नवं टोक काडून दावतो तिला, मग हसंल. दोन महिनं लागलं त्याला. पातं जरा आखूड झालं, एवढंच."

तिनं चाकू मिटला. मिटल्यावर पात्याचं टोक मुठीच्या खाचेत शेवटपर्यंत पोचत नव्हतं. पुढं फट राहत होती, खिडकीत टोक मोडायच्या आधीपासूनच. त्या फटीत घाण साठायची म्हणून ती केरसुणीची काडी घालून किती वेळा ती साफ करत आली होती! तेवीस वर्षं ती जागा तिच्या बोटांखाली होती. तिनं कधी विचारलं नाही, ही जागा रिकामी का?

ती खाली फरशीवर बसली.  मग तिनं विचारलं, "तुमी व्हता तितं?"

"व्हतो. तापानं गेला. आठ दिस. चाकू उशाशीच असायचा. म्या बांधलं ते पुडकं, वहिनी. मला लिवता येत न्हवतं, न्हाईतर निरोप धाडला असता. मला वाटलं, चाकू बघूनच कळंल तुमाला."

"काय म्हनलं शेवटाला?"

सोपाननं मान खाली घातली.

"काय न्हाई. पानी मागत हुता. सारखं पानी."

तेव्हा मात्र झुंबरबाई फुटली. तिचं रडणं ऐकून पलीकडून काकू धावत आल्या, माळी आला, पण तिला कुणी दिसत नव्हतं. नवरा मेला याचं रडू तिनं तेवीस वर्षांपूर्वी रडायचं टाळलं होतं, ते तर होतंच. पण तो पाणी मागत गेला होता, आणि नथू त्याच्या नावानं ओंजळभर पाणी सोडायला निघाला तेव्हा ती उंबऱ्यात आडवी पडली होती. तेवीस वर्षं तिनं त्याला तहानलेला ठेवला होता. प्रेमानं ठेवला होता, हे खरं. पण म्हणून ते कमी टोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंगल्यामागच्या धुण्याच्या दगडापाशी चाकू घेऊन बसली. सोपान कुंपणापलीकडून म्हणाला, "आना वहिनी, मी घासून देतो." तिनं मानेनंच नको म्हटलं. दगडावर पाणी टाकायची, पातं टेकवायची, घासायची. हातांना खिडक्यांची सवय होती, धारेची नव्हती. बोट दोनदा कापलं. काकूंनी जेवायला हाक मारली, ती उठली नाही. दुपार कलली तेव्हा धार आली, टोक आलं. दोन महिन्यांचं काम नव्हतं ते, जेमतेम टोक म्हणावं असंच होतं. तिनं चाकू मिटून पाहिला. फट आता पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. मूळची जेवढी होती तेवढी त्यानं घासलेली, आणि वाढली ती हिनं मोडलेली नि घासलेली.

मग तिनं चाकू पुन्हा उघडला, गळ्यातली काळी पोत डाव्या हातानं ताणून धरली आणि कापली. एकाच ओढीत तुटली. मणी दगडावरून गवतात सांडले, ते तिनं वेचले नाहीत. डोरलं तेवढं पदराला बांधलं. कपाळ ओल्या हातानं पुसलं, बांगड्या त्याच दगडावर फोडल्या. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या नाहीत, हे त्यांनी फार चांगलं केलं.

सोपान तिच्याबरोबर कान्ह्याला गेला. नथू आता पिकला होता. वहिनीचं मोकळं कपाळ बघून त्यानं पाट मांडला. नदीवर दर्भाचा पुतळा केला, अग्नी दिला, पुढचे दिवस यथासांग झाले. पाणी सोडायच्या वेळी झुंबरबाईनं नथूला सांगितलं, "भावजी, जरा जास्ती सोडा." भटजींनी वर पाहिलं, पण नथू वाकून ओंजळीमागून ओंजळ सोडत राहिला, भटजी थांब म्हणाले तरी.

ती लोणावळ्याला परत आली. आता सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं सांगायचं काही उरलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यानंतर खिडक्या फुगल्या तेव्हा शेजारून नेहमीसारखी हाक आली. तिनं सुताराला बोलवा म्हणून सांगितलं. सुतार आला, पान लावलं आणि चौकट सोलून गेला.

त्याच दिवाळीत काकू सरबताला बसल्या होत्या. विळी आणायला त्या उठणार, एवढ्यात झुंबरबाईनं त्यांच्या हातातलं लिंबू घेतलं, कमरेचा चाकू उघडला आणि मधोमध कापलं. काकू थबकल्या.

"अगं, हा तर अन्नाला लावायचा नव्हता ना?"

"लावायचा, काकू," ती म्हणाली. पातं पदराला पुसून तिनं चाकू जपून मिटला. "घरचाच हाय."